सीमारेषेवरचा मुलगा

परवा आमचे चिरंजीव क्रिकेटच्या क्लासवरून आले ते तोंड फुगवूनच. किट कोपऱ्यात भिरकावली आणि जाहीर केलं, "आई, मी उद्यापासून जाणार नाही. वर्ष झालं, रोज मला बाउंड्रीवर उभं करतात. बॅटिंग नाही की काही नाही!"

ह्यांनी वर्तमानपत्रातून डोकंही न काढता निकाल दिला, "सोड मग. नाहीतरी यंदा नववी आहे."

महादेवपुऱ्यातल्या आमच्या इमारतीत निम्मी घरं संगणकवाल्यांची. त्यातल्याच एका घरचा मुलगा नुकताच अमेरिकेहून परतलाय. त्यानं आगीत तेल ओतलं. बेसबॉलमध्ये म्हणे लांब उभ्या राहणाऱ्यांना आउटफिल्डर म्हणतात आणि शाळेच्या संघात ज्याला झेल येत नाहीत त्याला उजव्या कोपऱ्यात धाडतात. झालं! चिरंजीवांचा चेहरा आणखी पडला.

मी म्हटलं, त्याच उजव्या कोपऱ्यात मायकेल जॉर्डनही उभा राहिला होता. बास्केटबॉलचा हा राजा 1994 साली, एकतिसाव्या वर्षी, बर्मिंगहॅम बॅरन्स नावाच्या दुय्यम संघातून बेसबॉल खेळला. सरासरी .202, म्हणजे पाच वेळा बॅट घेऊन उभा राहिला तर हिट जेमतेम एक. पुढच्याच वर्षी तो आपल्या जुन्या खेळाकडे परतला. हे उदाहरण देऊन मी स्वतःच्याच पायावर धोंडा मारून घेतला. "बघ, त्यानंही सोडलंच ना!" उत्तर तयार होतं.

मग मला याच गावातला आपला मराठी मुलगा आठवला. राहुल द्रविड. जन्म इंदूरचा, वाढला बेंगळुरूत. वडील जॅम बनवणाऱ्या कंपनीत, म्हणून मित्रांनी नाव पाडलं ‘जॅमी’. आई वास्तुशास्त्राच्या प्राध्यापिका. चिन्नास्वामी स्टेडियमवरच्या उन्हाळी शिबिरात केकी तारापोर यांनी त्याला हेरलं. तेव्हा तो यष्टिरक्षणही करायचा. पुढे विश्वनाथ, रॉजर बिन्नी, ब्रिजेश पटेल आणि स्वतः तारापोर यांच्या सल्ल्यानं त्यानं ग्लोव्ह्ज उतरवले. लहान वयात आपली जागा सोडायची म्हणजे किती जिवावर येतं, ते घरात असा मुलगा असल्याशिवाय कळायचं नाही.

फेब्रुवारी 1991 मध्ये तो पहिला रणजी सामना खेळला. कुठे? पुण्याला, आपल्या महाराष्ट्राविरुद्ध! 82 धावा केल्या. त्यानंतर भारताची टोपी मिळायला पाच वर्षं लागली. मधल्या काळात धावा होत होत्या, निवड होत नव्हती. या पठ्ठ्यानं कॉमर्सची पदवी घेतली, एमबीएला प्रवेशही घेतला. (हे वाक्य मी ह्यांना ऐकू जाईल अशा बेतानं जरा मोठ्यानं म्हटलं.) एप्रिल 1996 मध्ये सिंगापूरला पहिला एकदिवसीय सामना मिळाला. धावा तीन! पण झेल दोन. जूनमध्ये लॉर्ड्सवर संजय मांजरेकर जखमी झाला म्हणून जागा मिळाली आणि सातव्या क्रमांकावर येऊन यानं 95 काढल्या. 2012 मध्ये निवृत्त झाला तेव्हा कसोटीतले त्याचे झेल होते 210. यष्टिरक्षक सोडले तर तेवढे जगात कोणाचेच नव्हते. जुलै 2025 मध्ये जो रूटनं तो विक्रम मोडला, तोही लॉर्ड्सवरच. आणि झेल घेतला कोणाचा? कर्नाटकच्याच करुण नायरचा!

"म्हणजे थांबलं की मिळतंच," चिरंजीव म्हणाले. इथे मात्र मला खोटं बोलवेना. अमोल मुजुमदारही त्याच पिढीतला. 1988 मध्ये शाळेच्या सामन्यात तेंडुलकर-कांबळीची 664 धावांची भागीदारी चालली होती आणि हा पॅड बांधून बसून राहिला होता. 1994 मध्ये मुंबईकडून पहिल्याच सामन्यात 260 धावा केल्या. पुढे प्रथम श्रेणीत अकरा हजारांवर धावा, तरी भारताची टोपी नाही ती नाहीच. नोव्हेंबर 2025 मध्ये आपल्या मुलींनी नवी मुंबईत विश्वचषक जिंकला तेव्हा त्यांचा प्रशिक्षक हाच होता, हे खरं. पण म्हणून न मिळालेली टोपी मिळाली असं मी तरी म्हणणार नाही.

चिरंजीव बराच वेळ गप्प होते. ह्यांनीही एव्हाना वर्तमानपत्र खाली ठेवलं होतं.

रविवारी सामना होता. पुन्हा नारळाच्या झाडांपाशी रवानगी. पहिलाच उंच झेल हातात आला आणि सुटला. मी गॅलरीतून आत वळले, म्हटलं आता किट पुन्हा कोपऱ्यात.

घरी आल्यावर पाणी प्यायला आणि विचारलं, "आई, जिन्याखालच्या भिंतीवर चेंडू मारून झेल घेतले तर चालेल?"

"शेजारच्या आजी दुपारी झोपतात," मी म्हटलं, "चारनंतर."

"साडेतीन?"

"चार."