साईट पाहिजे, मजकूर नको

पनवेलमध्ये वेबसाईट करून घेणारी माणसं लोगोच्या रंगावर तीन-तीन आठवडे वाद घालू शकतात. निळा जरा गडद करा, आता जरा फिका करा, मग घरच्यांनी सांगितलं म्हणून केशरी. वरचे फोटो किती सेकंदांनी सरकावेत यावर मीटिंगा होतात. शेवटी मी हळूच विचारतो, "शेठ, मजकुराचं काय?" उत्तर ठरलेलं. "टाक ना काहीतरी. कोण वाचतंय!"

आणि तीन महिन्यांनी त्याच शेठचा फोन येतो, "अरे, गूगलवर आपण दिसत का नाही?"

मंडळी, या दोन वाक्यांचा एकमेकांशी संबंध आहे हे समजावण्यात माझे कितीतरी शनिवार-रविवार गेलेत. (आठवडाभर कंपनीचं काम आणि सुटीत एका मित्राबरोबर इथल्या छोट्या धंद्यांच्या साईट्स, असा माझा उद्योग आहे.) त्यामुळे आज जरा स्पष्टच लिहितो.

गूगल म्हणजे काही जादू नाही. त्याचा रोबो तुमचं पान उघडतो, त्यावरचे शब्द वाचतो आणि सूचीत नोंद करतो. कुणी काही विचारलं की त्या प्रश्नाशी जुळणारी पानं सूचीतून काढतो, कुणावर किती भरवसा ठेवायचा ते ठरवतो आणि क्रम लावतो. आता तुमच्या साईटवर आहे काय? होम पेजवर "आपले सहर्ष स्वागत". अबाउट अस वर "गुणवत्ता हाच आमचा ध्यास". सर्व्हिसेसमध्ये छापील ब्रोशरचे चार फोटो, तेही तिरके. तुमचा तो ध्यास उद्या उचलून एखाद्या दातांच्या डॉक्टरांच्या साईटवर डकवला तरी कुणाला पत्ता लागणार नाही. कुठल्याच प्रश्नाचं उत्तर नसलेलं पान कुठल्या प्रश्नाला दाखवायचं, हे त्या बिचाऱ्या रोबोने तरी कसं ठरवावं?

पण गिऱ्हाईकाला हे पटत नाही, कारण कुणीतरी त्याला आधीच सांगून ठेवलेलं असतं की एसइओ म्हणजे आतमध्ये काहीतरी 'करायचं' असतं. कीवर्ड भरायचे असतात. हा किडा फार जुना आहे. कीवर्डचा मेटा टॅग आपण क्रम लावताना बघतच नाही, हे गूगलने सप्टेंबर २००९ मध्ये जाहीर सांगितलं. पानाच्या तळाशी पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरात "पनवेल बेस्ट फर्निचर न्यू पनवेल चीप फर्निचर" लिहिण्याचे दिवसही केव्हाच सरले. फेब्रुवारी २०११ च्या पांडा बदलाने तर पोकळ आणि उचललेल्या मजकुराच्या साईट्सना चांगलंच खाली ढकललं. तरीही अमुक हजारात पहिल्या पानावर, लेखी गॅरंटी, असे मेसेज प्रत्येक दुकानदाराला येतात आणि माझ्या एका पानाच्या दीड हजारावर घासाघीस करणारा माणूस तिथे निमूट पैसे भरतो. पहिल्या नंबरची गॅरंटी कुणीच देऊ शकत नाही, हे खुद्द गूगलच्या मार्गदर्शनात लिहिलेलं आहे. पण ते वाचणार कोण? मजकूर आहे ना तो!

असो. एवढ्यावरून तुम्हाला वाटेल की गिऱ्हाईक कंजूष आहे किंवा अडाणी आहे. मला तसं वाटत नाही. हेच लोक नाक्यावरच्या फ्लेक्सला आणि दिवाळीच्या डायऱ्यांना किती पैसे देतात ते मला माहीत आहे. अडचण पैशाची नाही. अडचण अशी आहे की मजकूर म्हणजे लेखी शब्द. दर लिहिला की तो बांधून घेतो. फी लिहिली की शेजारच्या क्लासवाल्याला कळते. "ताबा अमुक महिन्यात" लिहिलं की त्या महिन्यात माणूस दारात उभा राहतो. "समक्ष भेटा, करून टाकू" यात जी ऐसपैस जागा आहे ती लिहिल्यावर उरत नाही. म्हणून फोन नंबर मोठा, व्हॉट्सअॅपचं हिरवं बटण त्याहून मोठं आणि बाकी सगळं गुळमुळीत.

हे इतकी वर्षं चाललं, कारण पनवेल ओळखीवर चालायचं. १८५२ सालची नगरपालिका असलेलं जुनं गाव आहे हे. टपाल नाक्यावर कुणालाही विचारलं तरी तो तुम्हाला योग्य माणसापर्यंत पोचवायचा. तुमच्या वडिलांना त्याचे वडील ओळखायचे, आणि तेवढी हमी पुरे होती.

पण आता राहतंय कोण इथे? २०१६ च्या ऑक्टोबरात महानगरपालिका झाली ती खारघर, कामोठे, कळंबोली सगळं पोटात घेऊन. अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाला. विमानतळाचं उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झालं आणि डिसेंबरात विमानं उडायला लागली. करंजाड्यात, उलव्यात जो नवरा-बायकोचा संसार गेल्या वर्षी येऊन पडलाय, त्यांना टपाल नाक्यावरचं कुणीही ओळखत नाही. त्यांना मुलासाठी डॉक्टर पाहिजे, भाड्याने घर पाहिजे, आईच्या गुडघ्यासाठी फिजिओ पाहिजे. ती मंडळी रात्री साडेअकराला, मूल झोपल्यावर, मोबाईलवर टाईप करतात. ज्याला ओळख नाही तो सर्च करतो, इतकं साधं आहे हे. आणि तुम्ही त्यालाच सांगताय, समक्ष भेटा!

सगळ्यात संताप कुठे येतो सांगू? बिल्डरांच्या साईट्सवर.

महारेरा सुरू झालं मे २०१७ मध्ये. तेव्हापासून नोंदणी लागू असलेल्या प्रकल्पाला मंजुरी, कार्पेट एरिया, ताब्याची तारीख, किती फ्लॅट विकले गेले हे सगळं सरकारी साईटवर भरावंच लागतं. ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीत क्यूआर कोडही सक्तीचा आहे. म्हणजे माहिती तयार आहे, लेखी आहे आणि सार्वजनिकही आहे. मग ती बिल्डरच्या स्वतःच्या साईटवर साध्या मराठीत का नसते? तिथे असतो एक गोरा माणूस, हातात कॉफीचा कप, आणि खाली "लक्झरी रिडिफाइन्ड". प्रकल्प कुठल्यातरी गावाच्या वेशीवर, चहूबाजूंनी भातखाचरं!

आमच्या भागात घर घेणाऱ्याचे प्रश्न अगदी ठरलेले असतात. ही जागा २०१३ मध्ये जाहीर झालेल्या नैनात येते का? परवानगी सिडकोची की महापालिकेची? पाणी कुणाचं, सिडकोचं, जीवन प्राधिकरणाचं की टँकरचं? ओसी मिळालंय की 'मिळेलच'? स्टेशन दहा मिनिटांवर म्हणजे चालत की रात्री दोन वाजता मोकळ्या रस्त्यावर गाडीने? या प्रश्नांची उत्तरं शोधायला गेलं की समोर येतात दलालांची संकेतस्थळं, तोच तो कॉपी केलेला परिच्छेद, आणि आपला नंबर दिला की पुढचे सहा महिने येणारे फोन. आयुष्यभराची कमाई आणि वीस वर्षांचं कर्ज घालणारा माणूस शेवटी कुठल्यातरी सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरच्या अफवेवर निर्णय घेतो. ज्या बिल्डरचे कागद खरोखर स्वच्छ आहेत त्याने तरी एक पान लिहावं ना, "आमच्या इमारतीला पाणी कुठून येतं" एवढंच! त्याचा फायदाच आहे. ज्याचे कागद स्वच्छ नाहीत तो असं पान लिहूच शकत नाही. पण स्वच्छवाल्यालाही तो कॉफीवाला गोराच लागतो.

पेणच्या गणपतींचं उदाहरण घ्या. इथून तासाभरावर, हमरापूर-जोहे पट्ट्यात घरोघरी कारखाने. मूर्ती परदेशी जातात, त्याही सणाच्या कितीतरी महिने आधी. तिकडच्या मराठी कुटुंबाला काय जाणून घ्यायचं असतं? शाडूची की प्लास्टरची, उंची किती, वजन किती, पॅकिंग कसं, ऑर्डर कधीपर्यंत द्यायची, वाटेत हात मोडला तर जबाबदारी कुणाची. ही उत्तरं कारखानदाराला झोपेत विचारली तरी तो देईल, कारण त्याने हयात त्यात घालवलीय. पण अशा एका साईटवर मला दिसलं काय, तर चाळीस फोटो आणि "सर्व प्रकारच्या मूर्ती मिळतील". अरे, तुमच्या डोक्यात जे आहे तेच तर गूगलला पाहिजे!

कुणी म्हणेल हे सगळं अमेरिकेचं फॅड आहे. अमेरिकेत हे आहेच म्हणा, नांगर बनवणाऱ्या जॉन डीअरने १८९५ मध्ये 'द फरो' नावाचं शेतकऱ्यांचं मासिक सुरू केलं. पण आपल्याकडे काय कमी आहे? लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर केला तेव्हा शेतकरी तो घ्यायला तयार नव्हते. लोखंडाने जमीन नासते, विष भिनतं, असा समज होता. आता हा समज "अव्वल दर्जाचे नांगर, एकदा अवश्य भेट द्या" अशा पाटीने गेला असता का? पुढे १९२० मध्ये किर्लोस्करवाडीहून शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' सुरू केलं. कारखान्याचं मासिक, गिऱ्हाईकांशी बोलण्यासाठी काढलेलं. त्याचंच पुढे 'किर्लोस्कर' झालं, मग १९३० मध्ये 'स्त्री' आणि १९३४ मध्ये 'मनोहर' आलं आणि मराठी मध्यमवर्गाच्या दोन-तीन पिढ्या ते वाचत मोठ्या झाल्या. एका माळावरच्या कारखान्याला शंभर वर्षांपूर्वी जे कळलं, ते एक्सप्रेसवेच्या तोंडाशी बसलेल्या, हातात फाईव्ह-जी असलेल्या माणसाला कळू नये? कालनिर्णयही घ्या. १९७३ पासून घराघरात भिंतीवर आहे, पण आमच्याकडे तरी पानाच्या मागे काय छापलंय ते वाचल्याशिवाय महिना उलटत नाही.

हल्ली नवीन सबब आलीय. "आता कोण गूगल करतं? सगळे चॅटजीपीटीला विचारतात." बरं, विचारू देत. गूगलसुद्धा ऑगस्ट २०२४ पासून भारतात वरच्या वर एआयने जुळवलेलं उत्तर दाखवतंय, आणि त्यामुळे साईटपर्यंत न येताच परत जाणारे लोक आहेत, हे मी नाकारत नाही. पण ते उत्तर यंत्र आणतं कुठून? कुणीतरी लिहिलेलं असतं तिथूनच ना? तुम्ही लिहिलं नसेल तर तुमच्याबद्दल दलालाच्या साईटवरून आणेल, नाहीतर तीन वर्षांपूर्वी रागावून गेलेल्या गिऱ्हाईकाच्या रिव्ह्यूमधून.

याचीच जुळी बहीण, "मग चॅटजीपीटीकडूनच लिहून घे ना, फुकटात." घेतो की! 'पनवेलमधील सर्वोत्तम फिजिओथेरपी' यावर दोन मिनिटांत चाळीस लेख देईल. पण तुमच्या दवाखान्याला लिफ्ट आहे की नाही हे त्याला माहीत नाही. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या बाईच्या मुलीला मात्र फक्त तेवढंच माहीत करून घ्यायचंय. शिवाय यंत्राने असो की माणसाने, क्रमवारीसाठी ढिगाने पाडलेल्या निरुपयोगी पानांवर गूगलने मार्च २०२४ मध्ये स्पॅमचा नियमच लावलाय.

सगळ्यांना मजकूर लागतोच असं मात्र नाही. ज्याच्या वड्यासाठी सकाळी रांग लागते त्याने गूगलच्या नकाशावर वेळ आणि सुटीचा वार बरोबर टाकावा आणि खुशाल वडे तळावेत. अशा माणसाला मी साईटच करू नका असं सांगतो. (मित्र यावर चिडतो.)

राग मला गिऱ्हाईकांपेक्षा आपल्या जातभाईंचा जास्त येतो. माझ्यासारखे सुटीत साईट्स करणारे तुमच्यातही बरेच असतील. आपणच कोटेशनमध्ये 'पाच पानं, मोबाईलवर चालणारी, होस्टिंगसकट' लिहितो आणि मजकूर 'क्लायंटकडून येईल' असं एका ओळीत ढकलून देतो. तो येत नाही. कधीच येत नाही. मग आपण शेजारच्या साईटवरून दोन परिच्छेद उचलतो, शेवटचा हप्ता घेतो आणि सटकतो. घराचा सांगाडा उभा करून "भिंती मालकाकडून येतील" म्हणणाऱ्या गवंड्याला आपण काय म्हणू?

माझ्या कोटेशनमध्ये आता मजकूर पहिल्या ओळीत असतो आणि डिझाईन खाली. एसइओ हा शब्द मी मीटिंगमध्ये काढतच नाही. पहिल्या भेटीत शेठऐवजी फोन उचलणाऱ्या मुलीला भेटतो आणि एक वही देतो. दोन आठवडे येणारा प्रत्येक प्रश्न, लोकांनी विचारला तसाच्या तसा, त्यांच्याच शब्दांत लिहायचा. पार्किंग आहे का, रविवारी चालू असतं का, कार्ड चालतं का, लहान मुलांना घेता का. दोन आठवड्यांनी वही शेठसमोर ठेवायची. दिवसातून सात वेळा तेच उत्तर देण्यात त्या मुलीचा किती वेळ जातो ते त्यांना तिथल्या तिथे दिसतं. मग एका प्रश्नाला एक पान, मराठीत आणि इंग्रजीत, आणि उत्तर पहिल्या दोन ओळींत. फळ यायला चार-सहा महिने लागतात, हे आधीच सांगून टाकायचं. सर्च कन्सोलमध्ये लोकांनी नेमकं काय टाईप केलं ते दिसायला लागलं की पुढची पानं शेठ आपणहून मागतात.

सगळेच मागतात असं नाही. एका क्लासच्या सरांची वही भरली. पंचवीसपैकी अकरा प्रश्न फीचे. सर बराच वेळ वहीकडे बघत बसले.

"फी लिहायचीच का?"

"लिहायची, सर."

"बघतो," म्हणाले. दिवाळीपासून बघतायत.