पडद्याच्या भीतीने बुबुळ गमावू नका

पालघर जिल्ह्यातल्या मनोरमध्ये चष्म्याचं दुकान चालवताना एक प्रश्न माझ्या कानावर वारंवार येतो : "दादा, ती किरणं मारल्यावर पोराच्या डोळ्यामागचा पडदा जळणार तर नाही ना?"

विचारणारे आईबाप केरॅटोकोनस झालेल्या मुलांचे असतात. या आजारात बुबुळावरची पारदर्शक काच, म्हणजे पारपटल, पातळ होत शंकूसारखं पुढे येतं. मुलगा सारखे डोळे चोळतो, सिलिंडर नंबर भराभर वाढतो, नव्या चष्म्यानेही तक्त्यावरच्या खालच्या ओळी लागत नाहीत. असं दिसलं की मी चष्मा बनवत नाही, आधी नेत्रतज्ज्ञाकडे पाठवतो. हा आजार वाटतो तितका दुर्मीळ नाही. नागपूरकडच्या खेड्यांत तिशीपुढच्या माणसांचे डोळे तपासले, तेव्हा पारपटलाच्या वक्रतेवरून 2.3 टक्के लोकांत तो आढळला. 2009 मध्ये हे प्रसिद्ध झालं.

त्यावरचा उपचार क्रॉसलिंकिंग. जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या डॉक्टरांनी 2003 मध्ये त्याचे पहिले निष्कर्ष मांडले. डोळ्यात रायबोफ्लेविनचे, म्हणजे बी-2 जीवनसत्त्वाचे पिवळे थेंब घालतात आणि मूळ पद्धतीत अर्धा तास अतिनील किरण सोडतात. त्याने पारपटलाचे धागे एकमेकांना घट्ट बांधले जातात. पडद्याच्या प्रश्नाचं उत्तर याच थेंबांत आहे. ते पारपटलात मुरतात आणि बहुतेक किरण तिथेच शोषून घेतात. पडद्यापर्यंत पोचतो तो अगदी थोडा अंश. पारपटलाची जाडी किमान 400 मायक्रॉन हवी हा नियमही किरण जास्त खोल जाऊ नयेत यासाठीच. पारपटलाच्या आतल्या बाजूच्या पेशी एकदा मेल्या की पुन्हा तयार होत नाहीत, म्हणून पहिली काळजी त्यांची. उपचारानंतर ओसीटी या स्कॅनने पडद्याची जाडी मोजली गेली आहे. काही अभ्यासांत सुरुवातीच्या आठवड्यांत ती किंचित वाढलेली दिसली आणि नंतर पूर्ववत झाली.

म्हणून पालकांना माझं सांगणं आहे : डॉक्टरांना पारपटलाची जाडी विचारा, पडदाही तपासून घ्या, पण भीतीपोटी पावसाळ्यामागून पावसाळे घालवू नका. काही दिवस डोळा दुखेल, पाणी येईल, क्वचित जंतुसंसर्गही होतो. दिलेले थेंब चुकवू नका. गेलेली नजर या उपचाराने परत येत नाही, तो आजाराची वाढ थांबवतो. चष्मा किंवा लेन्स पुढेही लागेलच. उशीर झाला तर पारपटलावर व्रण पडू शकतो, आणि मग दुसऱ्याच्या नेत्रदानाची वाट पाहावी लागते. त्यापुढे पडद्याची भीती फार लहान आहे.

सरकारकडेही मागणं आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं आश्रमशाळांत जातात. तिथे वाढता सिलिंडर नंबर आणि डोळे चोळण्याची सवय यांची वेगळी नोंद व्हावी, आणि पारपटलाचा नकाशा काढणारं यंत्र पालघरच्या सरकारी दवाखान्यात मिळावं. त्या एका तपासणीसाठी मजुरी बुडवून मुंबई गाठायची वेळ इथल्या आईबापांवर येऊ नये.