पिशाचांची शिरगणती

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आमचे बडनेऱ्याचे घर आठ दिवस राक्षसांच्या ताब्यात होते. नातू आणि त्याचे तीन मित्र माडीवर बसून पहाटेपर्यंत एक खेळ खेळत. त्यात पट नाही, सोंगट्या नाहीत. एकाने कथा सांगावयाची, बाकीच्यांनी तीतील एकेक पात्र होऊन बोलावयाचे, आणि वार लागला की चुकला याचा निवाडा वीस पैलूंच्या फाशाने करावयाचा. 1974 साली अमेरिकेत गायगॅक्स व आर्नेसन या दोघा गृहस्थांनी 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या नावाने असा खेळ प्रसिद्ध केला, त्याचाच हा वंशविस्तार. त्यात मनुष्याखेरीज दीर्घायुषी वनवासी, बुटके खाणकरी असे नाना वंश असतात. ते बहुतेक युरोपातील लोककथांतून आलेले. आमच्या नातवास आपल्या मातीतले वंश हवे होते. तो वही घेऊन पुढे बसला व म्हणाला, "आजोबा, दहा तरी सांगा."

दहा म्हणताच आमच्यातील मास्तर जागा झाला. अमरकोशात देवयोनी दहाच मोजल्या आहेत. यक्ष, राक्षस, गंधर्व, किन्नर, अप्सरा, विद्याधर, सिद्ध, गुह्यक, पिशाच व भूत, अशी माळ आम्ही ओघाने म्हणून दाखविली. त्याने ती मुकाट्याने उतरून घेतली आणि विचारले, "गुह्यक राहतात कुठे? सिद्ध खातात काय? किन्नराचे वैर कोणाशी?" कोशास नावे ठाऊक असतात, बिऱ्हाडे नव्हेत. इतकी वर्षे ही यादी आम्ही मुलांकडून पाठ करून घेतली, पण असा प्रश्न कोणी विचारला नाही. विचारता तर बहुधा छडी खाता!

तेव्हा आम्ही दुसरे पुस्तक काढले. नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांचा 1909 साली अनंत कान्हेरे यांनी वध केला, हे वाचकांस ठाऊकच आहे. हे जॅक्सनसाहेब संस्कृतज्ञ होते व लोकसमजुतींची माहिती जमवीत होते. त्या सामग्रीवरून एंथोवेन यांनी कोकणाविषयीचा एक ग्रंथ 1915 साली सिद्ध केला. त्यातील पुष्कळशी माहिती कोणी पुरविली म्हणाल, तर गावोगावच्या शाळामास्तरांनी! आमच्याच पेशाचे लोक. म्हणून आम्ही तो मोठ्या अभिमानाने नातवापुढे ठेवला.

येथे बिऱ्हाडे मिळाली. मुंज झालेला परंतु सोडमुंज न होता मेलेला मुलगा तो मुंजा. त्याची वस्ती पिंपळावर. बाळंतीण दहा दिवसांच्या आत गेली तर हडळ. सवाष्ण गेली तर जखीण, विधवा गेली तर लावसट. ब्राह्मणाचा समंध, कोळ्या-खारव्याचा झोटिंग, आणि गावकुसाबाहेरच्या मनुष्याचा खवीस. नातू भराभर आकडे मांडू लागला: खवीस, बळ 9, बुद्धी 2; समंध, बळ 4, बुद्धी 9. दहा-बारा ओळी झाल्यावर त्याचा एक मित्र हळूच म्हणाला, "ही तर आपल्या गावातल्या आळ्यांची यादी झाली."

खरे होते ते. मनुष्य मेला, देह जळाला, तरी जात सुटली नाही. आणि ज्यास जिवंतपणी विहिरीवर येऊ दिले नाही, त्याचेच भूत सर्वांत दांडगे मानले गेले. मास्तरांनी ऐकले तसे लिहून पाठविले, त्यांस दोष देत नाही. परंतु ते आकड्यांत बसवून कोवळ्या मुलांच्या हाती देणे ही निराळी गोष्ट आहे. त्या अमेरिकन खेळाच्या कर्त्यांसही अशीच अडचण भासली असावी. 2024 सालच्या नव्या नियमग्रंथात त्यांनी 'रेस' हा शब्दच काढून टाकला. (आपला राक्षस तेथे फार पूर्वीपासून आहे, पण वाघाच्या तोंडाचा आणि पाइप ओढणारा. वाल्मीकींस तो खचित ओळखू आला नसता.)

जन्मावरून स्वभाव ठरवावा तर आपल्याच कथा आड येतात. बिभीषण व घटोत्कच राक्षसकुळातले, प्रल्हाद दैत्यकुळातला. आणि गुणाढ्याने बृहत्कथा रचली ती पिशाचांच्या भाषेत, असे सोमदेव सांगतो. त्याहून जवळचे उदाहरण आमच्या जिल्ह्यातील मेळघाटचे. तेथील कोरकू लोकांची उत्पत्तिकथा रसेल व हिरालाल यांनी 1916 साली छापली आहे. सातपुडा निर्मनुष्य पाहून रावणाने महादेवाची विनवणी केली. महादेवाने वारुळाच्या तांबड्या मातीचे स्त्री-पुरुष घडविले, पण इंद्राचे घोडे येऊन ते तुडवून जात. शेवटी महादेवाने कुत्रा निर्माण करून राखणीस ठेवला, तेव्हा पहिले जोडपे टिकले. या कथेत माणसे वसविण्याची तळमळ रावणास, आणि उच्छेद इंद्राकडून. एकच पात्र, पण सांगणारा बदलला की वंशाचे गुणधर्म बदलतात!

आम्ही नातवास सुचविले की बळाचे आकडे खोडावे आणि प्रत्येकापुढे तीनच गोष्टी लिहाव्या: हा मागे का राहिला, याची हद्द कोणती, आणि कशाने सुटेल. मुंजाच्या ओळीत हे झकास बसले. मग हडळ आली.

आमच्या वडिलांची धाकटी बहीण पहिल्या बाळंतपणात सहाव्या दिवशी गेली. आमच्या जन्मापूर्वीची गोष्ट. स्मशानातून परतताना वाटेवर राळे पेरले होते, उंबऱ्यात खिळा ठोकला होता. आणि मागच्या विहिरीकडे तिन्हीसांजेला जाऊ नये, एवढेच आम्हां मुलांस सांगत. तिचे नाव घरात कोणी घेत नसे. नातवास हे सांगावे की नाही या विचारात आम्ही असता ही चहा घेऊन वर आली.

"काय लिहून राहिला रे?" तिने विचारले. त्याने वाचून दाखविले. ती थोडा वेळ उभी राहिली. मग म्हणाली, "का राहिली ते लिही. लेकरू सहा दिवसांचं होतं. कोणी पाहिलं असेल त्याच्याकडे, हे तिला कुठं ठाऊक?" आणि तिने आत्याचे नाव सांगितले. तिला ते सासूकडून कळले होते. आम्हांस ते ठाऊक नव्हते.

कथेचा पहिला प्रसंग विहिरीवरच घडवावयाचा असे मुलांनी ठरविले आहे. विहीर बुजवून पुष्कळ वर्षे झाली. तिची जागा नातवाने विचारली. कण्हेरीच्या मागे नेऊन आम्ही ती दाखविली.