झाडाला ठोकलेला खिळा

पावसाळा सुरू झाला की शहरात दोन प्रकारचे खड्डे दिसू लागतात. एक रस्त्यावरचे, दुसरे वृक्षारोपणाचे. दुसऱ्या प्रकारच्या खड्ड्याभोवती पाहुणे, फलक, झारी आणि छायाचित्रकार असतो. कन्हैयालाल मुन्शी यांनी १९५० मध्ये वनमहोत्सव सुरू केला, तेव्हापासून हा जुलैचा रिवाज आहे. महाराष्ट्रात २०१६ मध्ये दोन कोटी रोपांपासून सुरू झालेली सरकारी मोहीम २०१९ मध्ये ३३ कोटींच्या उद्दिष्टापर्यंत गेली. लावली किती हे आकडे सर्वांना पाठ झाले. जगली किती, या प्रश्नावर मात्र २०२१ मध्ये विधिमंडळाची समिती नेमण्याची वेळ आली.

या गर्दीत पुण्यातल्या एका संस्थेने वेगळेच काम निवडले. संस्थेचे नाव ‘अंघोळीची गोळी’. पाणी वाचवण्यासाठी अधूनमधून अंघोळीला सुट्टी द्यावी, या गमतीशीर कल्पनेतून ते आले. या संस्थेने २०१८ च्या सुमारास ‘खिळेमुक्त झाडं’ हे अभियान हाती घेतले आणि पुढे ते इतर शहरांतही पोहोचले. काम अगदी साधे. सुटीच्या दिवशी जमायचे, पक्कड, हातोडी आणि शिडी घ्यायची आणि रस्त्याकडेच्या झाडांवरचे खिळे, पत्र्याच्या पाट्या, तारा काढायच्या. खोली भाड्याने देणारे, घरबसल्या कमाईचे आमिष दाखवणारे, शिकवण्या घेणारे असे सगळे त्या खोडांवर नांदत असतात. मालमत्तेच्या विद्रूपीकरणाविरुद्ध राज्यात १९९५ पासून कायदा आहे, झाडांच्या जतनाचा तर १९७५ पासून. आरोपी गुन्ह्याच्या जागी स्वतःचा मोबाइल क्रमांक ठळक अक्षरांत लिहून जातो, असा दुसरा गुन्हा शोधून सापडायचा नाही. तरीही तो क्रमांक फिरवायची तसदी क्वचितच घेतली जाते.

खिळ्याने झाड मरते का? एका खिळ्याने सहसा मरत नाही, हे आधी सांगायला हवे. अमेरिकेच्या वनसेवेतील शास्त्रज्ञ ॲलेक्स शिगो यांनी हजारो झाडे करवतीने चिरून जखमांचा अभ्यास केला. माणसाची जखम भरून येते, तशी झाडाची येत नाही, असे त्यांना आढळले. झाड जखमी भागाभोवती आतून भिंत उभारते, तो भाग कायमचा वेगळा पाडते आणि त्याच्या बाहेर नवे लाकूड वाढवते. एका खिळ्याला अशी एक भिंत पुरते. पाच वर्षांत शंभर खिळे बसले, तर दरवेळी बंद पडलेला थोडा भाग आणि खर्ची पडलेली थोडी साठवण यांची बेरीज होत जाते. सालीला पडलेल्या भोकांतून बुरशी शिरते ती वेगळीच.

खिळ्यापेक्षा वाईट असते ती तार. रोषणाईसाठी किंवा केबलसाठी खोडाला आवळलेली तार झाड जाड होईल तशी सालीत रुतते. पानांत तयार झालेले अन्न मुळांकडे नेणाऱ्या रसवाहिन्या सालीच्या लगतच असतात. त्यांना गळफास बसतो आणि मुळे हळूहळू उपाशी राहतात. वरून झाड हिरवेगार दिसत राहते, मग एखाद्या जूनच्या वाऱ्यात ते आडवे होते आणि दोष वाऱ्याला दिला जातो.

सर्वांत मोठा शत्रू मात्र खोडाला चिकटलेले सिमेंट. मुळांनाही श्वास घ्यावा लागतो. मातीच्या कणांमधली हवा आणि पाणी दोन्ही तोडले, की मुळे कुजतात किंवा फरशीखालच्या उथळ थरात पसरतात. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीसाठी आदेश दिला होता की, झाडाभोवती एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढावे. आपल्याकडे पदपथ नवा झाला की खोडाला फरशी अशी भिडते, जणू झाड म्हणजे विजेचा खांब. म्हणूनच खिळे काढण्याच्या जोडीला खोडाभोवती आळे करून देणे तितकेच मोलाचे ठरते. खेड्यात कोणाही म्हातारीला हे सांगावे लागत नाही.

आरोग्याच्या पानावर हे सगळे कशासाठी, तर त्या आळ्यासाठीच. झाडाखाली गार वाटते ते केवळ सावलीमुळे नाही. पानांवरच्या सूक्ष्म रंध्रांतून पाण्याची वाफ होते आणि ती होताना भोवतालची उष्णता शोषली जाते. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला साधारण दोन तृतीयांश युनिट विजेइतकी उष्णता लागते. म्हणजे दिवसाला शंभर लिटर पाणी बाहेर टाकणारे मोठे झाड ६५ ते ७० युनिटांइतकी उष्णता उचलते. मुंबईसारख्या दमट हवेत हा परिणाम कमी जाणवतो, तिथे सावलीच मुख्य. नागपूर, अकोला, जळगावच्या कोरड्या उन्हाळ्यात मात्र तो चांगलाच जाणवतो. पण त्याला एक अट आहे. मुळांना पाणी मिळाले नाही, तर झाड जीव वाचवण्यासाठी रंध्रे मिटून घेते. ऐन मे महिन्यात, नेमकी गरज असते तेव्हा, सिमेंटमध्ये चिणलेले झाड गारवा देणे थांबवते.

गारव्याचा हिशेब जिवांतही मांडता येतो. युरोपातील ९३ शहरांचा एक अभ्यास २०२३ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. शहरीकरणामुळे वाढलेल्या उष्णतेने २०१५ च्या उन्हाळ्यात त्या शहरांत सुमारे ६,७०० अकाली मृत्यू झाले, असा त्याचा अंदाज होता. झाडांचे छत्र ३० टक्के असते, तर तापमान सरासरी जेमतेम ०.४ अंशाने उतरले असते, पण तेवढ्यानेही २,६०० हून अधिक मृत्यू टळले असते. हवामान वेगळे असल्याने ते आकडे जसेच्या तसे इकडे लावता येणार नाहीत. मात्र दुपारी बारा ते चार रस्त्यावरच उभे राहणारे भाजीवाले, रिक्षाचालक, वाहतूक पोलिस, सफाई कामगार आपल्याकडे खूप जास्त आहेत, आणि त्यांच्यासाठी वातानुकूलन म्हणजे चौकातला पिंपळ.

या कामात उत्साहाला थोडी शिस्तही हवी. सालीने पूर्ण गिळलेला खिळा उकरून काढला तर जुन्या जखमेपेक्षा मोठी जखम होते, तो तसाच राहू द्यावा. वर डोके दिसणारा खिळा सरळ ओढून काढावा, साल सोलू नये. काढल्यावर मलम किंवा रंग फासण्याची पद्धत भावनेपोटी आली आहे, झाडाला त्याचा विशेष उपयोग नाही.

शिवाय, हे काम सुटीच्या दिवशी जमणाऱ्या स्वयंसेवकांवर किती दिवस सोपवायचे? राज्याच्या वृक्ष कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती झाली. पन्नास वर्षांहून जुने झाड ‘हेरिटेज’ ठरले आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी रोपे लावणे आवश्यक झाले. कागदावर हा सौदा न्याय्य दिसतो. पण साठ वर्षांच्या वडाच्या बदल्यात साठ काठ्या रोवल्या, तर त्या वडाएवढी पाने यायला एक पिढी जाते, तीही सगळ्या जगल्या तर. उभे झाड जपणे हा त्यापेक्षा कितीतरी स्वस्त उपाय. त्यासाठी पदपथाच्या प्रत्येक निविदेत खोडाभोवती मोकळी माती सोडण्याची अट आणि ती न पाळणाऱ्या ठेकेदाराचे बिल रोखण्याचा अधिकार उद्यान विभागाकडे हवा. पाट्यांवरच्या क्रमांकांवर नोटिसा पाठवायला तर नव्या कायद्याचीही गरज नाही, एक कारकून आणि एक दूरध्वनी पुरे.

येत्या जुलैत ज्या मंडळांनी, सोसायट्यांनी रोपांची मागणी नोंदवली असेल, त्यांनी आपल्या गल्लीतल्या जुन्या झाडाच्या बुंध्याशी आधी एक बादली पाणी ओतून पाहावे. ते मुरते की गटाराकडे वाहते, हे दोन मिनिटांत कळते. वाहत असेल, तर पहिले काम तिथेच आहे. मात्र पहार फरशीवर चालवायची ती महापालिकेला कळवून आणि मुळे सांभाळून.