बिघडलेला नायक आणि आडवी बाटली

चित्रपटगृहात ज्याच्या प्रत्येक उर्मट वाक्याला टाळ्या आणि शिट्ट्या पडतात, तो तरुण उद्या मागणी घालायला दारात उभा राहिला, तर आपण त्याला आपली मुलगी देऊ काय? हा प्रश्न कोणत्याही मध्यमवर्गीय घरात विचारावा. उत्तर एकच येईल. तरीही त्याच घरातील मंडळी रविवारी तिकीट काढून त्याच तरुणाचे कौतुक करून येतात. दारू पिणारा, हात उचलणारा, कायद्याला जुमानत नाही म्हणून रुबाबदार ठरणारा आणि ‘आतून मात्र फार हळवा’ असलेला हा बिघडलेला नायक आज कादंबरीत, चित्रपटात आणि मोबाईलच्या पडद्यावर मानाने मिरवतो आहे. त्याच्या लोकप्रियतेची खरी पारख करायची, तर मुंबईतल्या स्टुडिओत बसून भागणार नाही. त्यासाठी मेढ्याला यावे लागेल.

वेण्णेच्या खोऱ्यातील मेढा हे जावळी तालुक्याचे ठाणे. घरातल्या पुरुषाने मुंबईला जाऊन माथाडी म्हणून ओझी वाहायची आणि घर, शेती, म्हातारी माणसे बाईने सांभाळायची, ही इथल्या असंख्य कुटुंबांची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत याच तालुक्यातील स्त्रिया दारूच्या दुकानांविरुद्ध मतदानाला उभ्या राहिल्या. मतपत्रिकेवर दोनच चित्रे. उभी बाटली म्हणजे दुकान चालू राहू द्या, आडवी बाटली म्हणजे बंद करा. नियम मोठा कठोर. मतदानाला आलेल्यांपैकी नव्हे, तर यादीतील एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला पडली पाहिजेत. म्हणजे जी बाई घरी बसली, तिचे मत आपोआप दुकानदाराच्या पदरात! जावळीच्या लेकी-सुनांनी ही अट पुरी करून बाटली आडवी पाडली.

या स्त्रियांना ‘आतून हळव्या’ मद्यपी नायकाचे आकर्षण का वाटले नाही? कारण तो त्यांनी पडद्यावर नव्हे, घरात पाहिला होता. त्याच्या रुबाबाची किंमत कोण चुकवते, हे त्यांना ठाऊक होते.

हिशेब मांडणारी रंगभूमी

दुर्गुणी माणसाला कथेच्या मध्यभागी आणू नये, असे आमचे मुळीच म्हणणे नाही. मराठी रंगभूमीने तर तो वारंवार आणला. राम गणेश गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ १९१९ साली रंगभूमीवर आले. सुधाकर बुद्धिमान वकील आहे, स्वाभिमानी आहे, प्रेक्षकाला त्याची कणव येते. पण गडकरी प्रेक्षकाची नजर सिंधूवरून हटू देत नाहीत. बालगंधर्वांच्या सिंधूचे ठिगळांचे लुगडे आणि तिचे ते जात्यावर बसणे एका संपूर्ण पिढीने डोळ्यांत साठवले. तान्हे बाळ जाते, सिंधू जाते, शेवटी सुधाकरही विष घेतो. प्याल्याचा संपूर्ण हिशेब तीन तासांत प्रेक्षकांसमोर मांडलेला असतो.

आचार्य अत्रे यांनी १९६२ साली ‘तो मी नव्हेच’ लिहिले. लखोबा लोखंडेच्या भूमिकेत प्रभाकर पणशीकरांनी प्रेक्षकांना अक्षरशः भारून टाकले. मात्र अत्र्यांनी त्या भामट्याला उभे केले ते न्यायालयात, आणि त्याने फसवलेल्या स्त्रियांना साक्षीसाठी बोलावले. ज्या विजय तेंडुलकरांशी आमच्या विचारांच्या मंडळींचे तीव्र मतभेद राहिले, त्यांच्या १९७२ सालच्या ‘सखाराम बाइंडर’मध्येसुद्धा लक्ष्मी आणि चंपा मुक्या नाहीत. सखारामाच्या घराची जी काही किंमत आहे, ती त्यांच्याच तोंडून कळते.

हिशेब दडवणारा पडदा

पुढे काय झाले? १९९० साली उल्हासनगरात एका विद्यार्थिनीला एकतर्फी प्रेमातून भर परीक्षा केंद्रात जाळून मारण्यात आले. महाराष्ट्र हादरला. त्यानंतर तीनच वर्षांनी, १९९३ साली, ‘डर’ हा हिंदी चित्रपट झळकला. त्यात एका तरुणीचा पाठलाग करून तिचे जिणे नकोसे करणारा माथेफिरू आहे आणि तिचा पती नौदलातील अधिकारी आहे. देशाच्या सागरी सीमेचे रक्षण करणारा तो सरळ पुरुष प्रेक्षकांच्या लेखी फिका ठरला आणि सहानुभूती मिळाली ती माथेफिरूला! हा केवळ अभिनयाचा विजय नव्हता. समाजाच्या नजरेत बिघाड झाल्याची ती खूण होती. २०२० साली हिंगणघाटात एका प्राध्यापिकेला भररस्त्यात पेटवण्यात आले, तेव्हा तरी आपण या नजरेचा विचार केला काय?

२०१९ सालच्या ‘कबीर सिंग’ने तर उरलीसुरली लाजही सोडली. नायक शल्यचिकित्सक आहे आणि नशेत शस्त्रक्रिया करतो. नायिकेला न विचारताच ती आपली असल्याचे साऱ्या महाविद्यालयाला बजावतो, पुढे तिच्या थोबाडीतही मारतो. ती मात्र जवळजवळ मुकी! सिंधू बोलते, लखोबाने फसवलेल्या स्त्रिया बोलतात, चंपा बोलते. या चित्रपटातील नायिका केवळ सोसते. आणि शेवटी नायकाला काय मिळते? प्रेयसी, मूल, आप्तांची माया, सारे काही. हिशेबाचा कागदच फाडून टाकला, की उधळ्याही दानशूर दिसू लागतो.

वाल्याला कोणी सुधारले?

या कथांच्या मुळाशी मुलींना दाखवलेले एक आमिष आहे: ‘तू सोसत राहा, तुझ्या प्रेमाने तो सुधारेल.’ हे आमिष जुने आहे. अठराव्या शतकात रिचर्डसन या इंग्रज कादंबरीकाराने लव्हलेस नावाचा स्त्रीलंपट खलपुरुष रंगवला, तर वाचक स्त्रियाच त्याचे नायिकेशी लग्न लावून द्या म्हणून आग्रह धरू लागल्या. रिचर्डसनने त्यांचे ऐकले नाही; उलट पुढच्या आवृत्त्यांत त्या खलपुरुषाला अधिकच काळे फासले. आजच्या निर्मात्यांकडे एवढे धैर्य आहे काय?

आपल्याकडे तर याचे उत्तर आजीच्या गोष्टीतच आहे. वाल्या कोळ्याचा वाल्मीकी झाला, पण कसा? बायकोने त्याचा मार सोसला म्हणून नव्हे. नारदांनी त्याला घरी पाठवून विचारायला लावले, ‘माझ्या पापात वाटेकरी होता का?’ बायको-मुलांनी स्वच्छ ‘नाही’ म्हटले. त्या नकाराने वाल्या हलला, आणि पुढचे तप त्याचे त्यालाच करावे लागले. पतित माणूस सुधारू शकतो, ही हिंदू समाजाची श्रद्धा आहेच. परंतु त्या सुधारणेचे ओझे दुसऱ्याच्या पाठीवर टाकायला आपली परंपरा सांगत नाही. सिंधूने नकार दिला नाही आणि सर्वस्व गेले. मेढ्याच्या स्त्रियांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला, तो वाल्याच्या बायकोचाच नकार होता.

कलास्वातंत्र्याचे रक्षक लगेच विचारतील, ‘मग बंदी घालायची काय?’ नाही. बंदीने माणसाची रुची बदलत नाही. ती बदलायची, तर आपल्याकडच्या लेखकांनाही थोडे खडे बोल ऐकावे लागतील. आपल्या कथांतला सज्जन नायक इतका गुळमुळीत का असतो? सदाचार म्हणजे मिळमिळीतपणा, हे समीकरण कोणी रूढ केले? लोणी चोरणारा, गोपींच्या खोड्या काढणारा कृष्ण ज्या समाजाने देव्हाऱ्यात बसवला, त्याला खट्याळपणाचे वावडे नाही. याच जावळीच्या अरण्यात, प्रतापगडाच्या पायथ्याशी, १६५९ साली शिवरायांनी अफझलखानाला गाठले. साहस, चातुर्य, बेधडकपणा, तरुण मनाला ज्या ज्या गोष्टींची ओढ वाटते, त्या सर्व तिथे आहेत. आणि तोच राजा परस्त्रीला मातेसमान मानत होता. पराक्रम आणि शील एका देहात नांदू शकतात, याचा याहून मोठा पुरावा कोणता?

म्हणून कार्यकर्त्यांना आणि पालकांना एवढेच सुचवायचे आहे. घरात असा चित्रपट लागला, तर दूरचित्रवाणी बंद करून उपदेश करीत बसू नका. मुलामुलींबरोबर तो पाहा आणि संपल्यावर त्यांना एकच प्रश्न विचारा, ‘या नायकाच्या रुबाबाची किंमत कोणी चुकवली?’ मुलींना तो विचाराच, पण मुलांना आधी विचारा. तो हिशेब मांडायला शिकलेले मूल नुसत्या रुबाबाला सहसा भुलणार नाही.