डाग वाचल्याशिवाय गाडी उघडू नका

जुनी एमजीबी रात्रभर जिथे उभी राहते तिथे सकाळी फरशीवर तेलाचा डाग दिसतो, आणि तो पाहून मालक सहसा दोनपैकी एक गोष्ट करतो. एक तर हसून सोडून देतो. इंग्लिश गाडी गळायची थांबली म्हणजे तिच्यातले तेल संपले, हे वाक्य या गाड्यांच्या शौकिनांमध्ये कित्येक वर्षे फिरते आहे. नाही तर तो घाबरून गाडी गॅरेजमध्ये नेतो आणि इंजिन-गिअरबॉक्स उतरवायला सांगतो. दोघांची चूक एकच: तेल कोणते, आले कुठून आणि किती, हे कोणी विचारलेलेच नसते. गिअरबॉक्सची गळती खरोखर थांबवायची असेल तर पाना हातात घेण्याआधीचे दोन-चार दिवस सर्वांत महत्त्वाचे असतात, आणि ज्याच्याकडे ते द्यायची तयारी नाही त्याने अशी गाडी उघडू नये, असे माझे ठाम मत आहे.

उदाहरण म्हणून एमजीबीच घेतो, कारण हा प्रश्न तिच्यात जितका स्पष्ट दिसतो तितका क्वचितच कुठे दिसत असेल. इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात पाच लाखांहून अधिक एमजीबी तयार झाल्या. मोटार साधी, सुटे भाग आजही मिळतात, आणि बहुतेक कामे घरच्या हत्यारांनी होतात. अपवाद नेमका या दुखण्याचा. एमजीबीचा गिअरबॉक्स एकटा खाली उतरवता येत नाही. इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्र जोडलेले ठेवून पुढून वर उचलून काढावे लागतात. म्हणजे रेडिएटर, कार्ब्युरेटरच्या जोडण्या, एक्झॉस्ट, मागचा प्रॉपेलर शाफ्ट, सगळे सोडवायचे. ज्या रबरी सीलसाठी हा खटाटोप, तिची किंमत या मजुरीपुढे नगण्य असते. खर्चाचे हे व्यस्त प्रमाण लक्षात घेतले की अंदाजाने गाडी उघडणे किती महाग पडते ते कळते. चुकीची सील बदलून सगळे परत बसवले आणि आठवड्याने तोच डाग दिसला, तर तेवढीच मजुरी पुन्हा.

अंदाज चुकतो, कारण तेल थेंबाच्या सरळ वर शोधून चालत नाही. चालत्या गाडीखालचा वारा तेल मागे ढकलतो आणि उभ्या गाडीत ते सर्वांत खालच्या टोकाशी येऊन थांबते. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधल्या बेल हाउसिंगच्या तळाशी तेल बाहेर पडायला एक छोटे भोक ठेवलेले असते. तिथून थेंब पडला की गॅरेजात निकाल लागतो: गिअरबॉक्सची पुढची सील गेली. पण त्याच भोकातून इंजिनाच्या क्रँकशाफ्टच्या मागच्या सीलचे तेलही येते. त्याच्याही वर, इंजिनाच्या बाजूला असलेल्या टॅपेटच्या झाकणाचे पॅकिंग सुटले किंवा अगदी वरच्या रॉकर कव्हरमधून तेल झिरपले, तरी ते इंजिनाच्या पाठीवरून ओघळत याच ठिकाणी पोहोचते. हे शेवटचे दोन दोष इंजिन जागेवर ठेवून अर्ध्या दिवसात दूर होतात. ते तपासलेच नाहीत तर त्यांच्यापायी अख्खे इंजिन बाहेर येते.

इतर अनेक गाड्यांत नाक मदतीला येते. गिअर ऑइलमध्ये गंधकयुक्त रसायने असतात आणि त्यांचा उग्र वास इंजिन ऑइलला येत नाही. एमजीबीत ही सोय नाही. तिच्या गिअरबॉक्सला कंपनीने इंजिनाचेच तेल सांगितले होते, आणि बहुतेक मालक आजही दोन्हीकडे २०डब्ल्यू-५० घालतात. पण इंजिनात जळणाची काजळी मिसळते, म्हणून तिथले तेल काही शे किलोमीटरांत काळवंडते. गिअरबॉक्समधले मात्र दीर्घकाळ मधाच्या रंगाचे राहते. गाडीचा खालचा भाग रॉकेलने धुऊन कोरडा करावा, पंधरा-वीस किलोमीटर चालवून आणावी, खाली पांढरा पुठ्ठा ठेवावा आणि सकाळी थेंबाचा रंग पाहावा. एवढ्याने निम्मी शंका फिटते. उरलेल्या निम्मीसाठी अतिनील प्रकाशात चमकणारा रंग मिळतो. तो आधी फक्त गिअरबॉक्समध्ये घालावा, गाडी फिरवून आणावी आणि दिव्याखाली पाहावे. चमक दिसली नाही तर इंजिनावर संशय पक्का होतो. याला खर्च जवळपास नाही. लागतो तो धीर.

जागा सापडली तरी कारण सापडलेले नसते. सील फाटली म्हणून तेल गळते, हे अर्धेच उत्तर झाले. ती का फाटली हे विचारावे लागते. बंद पेटीत तेल तापते तेव्हा आतली हवाही तापते. २५ अंश सेल्सिअसला बंद केलेली हवा ९० अंशांपर्यंत गेली तर तिचा दाब सुमारे २२ टक्क्यांनी वाढतो, हे शाळेतल्या वायूच्या नियमातून कोणालाही काढता येईल. हवा निसटायची वाट, ज्याला गॅरेजात ब्रीदर म्हणतात, चिखलाने तुंबली असेल तर हा दाब शाफ्टभोवतीच्या सीलवर येतो आणि नवी कोरी सीलही तेल सोडते. इंजिनाचेही तसेच आहे: आतला वाफारा बाहेर काढणारा मार्ग बंद झाला की मागच्या सीलवर ताण पडतो. तेल प्रमाणाबाहेर भरले असले तरी परिणाम हाच. आणि शाफ्टचा पृष्ठभाग? रबराची धार दशकानुदशके एकाच रेषेवर घासते तेव्हा पोलादालाही खाच पडते. अशा खाचेवर नवी सील बसवली तर गळती थोडे दिवस लपते, इतकेच.

आता पहिल्या आक्षेपाकडे येतो, कारण तो प्रामाणिक आहे. जुनी गाडी थोडी गळणारच. एवढी उठाठेव करण्यापेक्षा महिन्याला तेल भरत राहणे स्वस्त नाही का? थोडी म्हणजे किती, यावर सगळे अवलंबून आहे. एक थेंब साधारण ०.०५ मिलिलिटरचा धरला तर दहा मिनिटांना एक थेंब म्हणजे दिवसाला सात मिलिलिटर, महिन्याला दोनशेच्या वर. मिनिटाला एक थेंब या वेगाने सतत गळत राहिले तर महिन्याला दोन लिटर जातात, आणि या गिअरबॉक्सची क्षमताच तीन लिटरच्या आसपास आहे. पहिल्या स्थितीत तेल भरत राहणे शहाणपणाचे ठरू शकते. दुसऱ्या स्थितीत आतले गिअर कोरडे पडण्याची वेळ दूर नसते, आणि ते पुन्हा करवून घेणे सीलच्या मजुरीहून कितीतरी महाग आहे. शिवाय बेल हाउसिंगमधले तेल क्लच प्लेटवर उडाले की क्लच थरथरू लागतो, मग सटकतो. तापलेल्या एक्झॉस्टवर पडणारे तेल धूर करते, प्रसंगी पेट घेते.

या आक्षेपाला दुसरी बाजू आहे, ती मालकाच्या खिशाबाहेरची. गळलेले तेल फरशीवर राहत नाही. ते रस्त्यावर येते, आणि आपल्याकडे जूनच्या पहिल्या सरीत डांबरावर जो निसरडा थर तयार होतो त्यात भर घालते. तिथे घसरतो तो दुचाकीवाला. वापरलेले तेल आपल्या देशात २०१६ च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडते. चार लिटर वापरलेले तेल गटारात ओतणाऱ्याला आपण दोष देऊ. तेवढेच तेल वर्षभर थेंबाथेंबाने सांडणाऱ्याला शौकीन म्हणून सोडून द्यावे, हे मला पटत नाही.

गळती थांबवणारी रसायने बाजारात मिळतात. बाटली ओता, रबर फुगेल, थेंब थांबेल, असे त्यांचे आश्वासन असते. कडक झालेले रबर काही काळ फुगते हे खरे आहे. पण झिजलेला शाफ्ट किंवा तुंबलेला ब्रीदर बाटलीने सुधारत नाही. पुष्कळ एमजीबींना लेकॉक कंपनीचा ओव्हरड्राइव्ह, म्हणजे वेगात इंजिनाचे फेरे कमी ठेवणारा जोडगिअर, बसवलेला आहे, आणि तिथे तर हा उपाय धोक्याचा ठरू शकतो. ओव्हरड्राइव्ह गिअरबॉक्सच्याच तेलावर चालतो. त्यातला शंकूच्या आकाराचा क्लच तेलात भिजलेला असूनही घर्षणावर पकड घेतो आणि ती पकड तेलाच्या दाबाने येते. तेलाचा गुण बदलला तर पकड बदलते. झाकणाला थापलेल्या सिलिकॉनचेही तेच. बाहेर जेवढे दाबून निघते तेवढेच आतही शिरते, त्याचा तुकडा सुटून बारीक वाटेत अडकला तर ओव्हरड्राइव्ह बंद पडतो. कागदी पॅकिंग, स्वच्छ आणि सपाट पृष्ठभाग, योग्य तेवढाच आवळलेला बोल्ट, या जुन्या पद्धतीला अजून तोड नाही.

दुसऱ्या टोकाचा आक्षेप असा की ही सगळी कटकटच काढून टाकावी आणि आधुनिक पाच गिअरचा बॉक्स बसवावा. फोर्डच्या आणि माझदाच्या गाड्यांचे गिअरबॉक्स एमजीबीत बसवणारे परदेशात पुष्कळ आहेत. रोज लांब पल्ला चालवणाऱ्याची अडचण मला समजते. पण गळतीवरचा उपाय म्हणून हा मार्ग तर्कात बसत नाही, कारण क्रँकशाफ्टच्या मागून येणारे तेल गिअरबॉक्स बदलल्याने थांबणार नाही. ज्याने निदान केले नाही त्याला हे पैसे खर्चून झाल्यावर कळेल. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२ मध्ये स्वीकारलेल्या ट्यूरिन सनदेत मूळ वस्तू जपण्यावर आणि केलेला बदल पुन्हा मागे घेता येईल असा ठेवण्यावर भर आहे. भारतात पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी २०२१ मध्ये व्हिंटेज नोंदणीचे नियम आले, तेही वाहन मूळ स्वरूपात असण्याची अट घालतात. सील बदलणे ही देखभाल आहे. दुसऱ्या कंपनीचा गिअरबॉक्स हा वेगळा मामला. त्याच नियमांनी या गाड्यांच्या रोजच्या वापरावर बंदी घातली आहे आणि तिचा गळतीशी थेट संबंध आहे. महिनोन्‌महिने उभ्या गाडीत सीलची धार कोरडी पडते, एका जागी चपटी होते. देखभालीसाठी गाडी बाहेर काढायला नियमांत मुभा आहे, ती मालकांनी आवर्जून वापरावी.

निदान पक्के झाले आणि इंजिन काढणे अटळ ठरले, तर मात्र कंजुषी करू नये. स्पीडोमीटरची केबल जिथे गिअरबॉक्सला जुळते ती जागा, ओव्हरड्राइव्हच्या तळाचे झाकण, स्विचांची वॉशर, मागच्या टोकाची सील, ही ठिकाणे इंजिन जागेवर असतानाही बहुधा हाताला येतात. त्यांचा निकाल आधीच लावावा. इंजिन बाहेर आले की गिअरबॉक्सची पुढची आणि क्रँकशाफ्टची मागची अशा दोन्ही सील बदलाव्यात, त्यांतली एकच दोषी असली तरी. क्लच प्लेट आणि ग्राफाइटचे रिलीज बेअरिंगही तपासावे. खाच पडलेल्या शाफ्टवर चढवायला पातळ पोलादी बाही मिळते. तिची जाडी ०.२८ मिलिमीटर, त्यामुळे सीलचे माप बदलावे लागत नाही. या गाड्यांची मापे इंचांत आहेत हे विसरून चालत नाही. दोन इंच म्हणजे ५०.८ मिलिमीटर, तिथे ५० ची सैल होते आणि ५२ ची आत जात नाही. जवळपासच्या मापाची सील ठोकून बसवणारा मिस्त्री कितीही हुशार असो, हे काम त्याच्याकडे देऊ नये.

एक सवलत मी स्वतःहून देतो. १९६४ च्या ऑक्टोबरपर्यंतच्या एमजीबीत तीन मुख्य बेअरिंगचे इंजिन होते आणि त्याच्या मागच्या टोकाला रबरी सील नव्हतीच. शाफ्टवर उलट्या आट्यांची खाच कापलेली असे. शाफ्ट फिरताना ती खाच तेल आत ढकलते आणि शाफ्ट थांबला की तिचे कामही थांबते. अशी गाडी उभी केल्यावर चार थेंब टाकते ते तिच्या रचनेमुळे. तिच्याखाली पत्र्याचे ताट ठेवावे, त्यात जमलेले तेल दर महिन्याला मापाने मोजून तारखेसह वहीत लिहावे, आणि एखाद्या महिन्यात आकडा दुप्पट झाला तर पाना हातात घ्यावा.