परक्याच्या बंदुकीचे लोकराज्य

शेतकरी व कारागीर बंधूंनो, दुसऱ्याच्या घरात बंदूक घेऊन शिरावे आणि 'तुम्हांस लोकशाही शिकवितो' म्हणावे, हा उद्योग बलाढ्य सरकारे वारंवार करीत आली आहेत. त्याचे फळ काय येते, हे पाहावयाचे तर अफगाणिस्तानाकडे पाहा.

न्यूयॉर्कवरील हल्ल्यानंतर सन २००१ च्या ऑक्टोबरात अमेरिकेने तेथे फौज घातली. तालिबानची सत्ता मोडली. नव्या राज्याची मांडणी मात्र जर्मनीतील बॉन शहरी झाली! २००४ साली घटना आली, निवडणुकाही झाल्या. वरून सारे यथासांग. पण सरकारी खर्चाच्या रुपयातील सुमारे बारा आणे परदेशी मदतीचे. ज्याची खावी पोळी, त्याची वाजवावी टाळी! मग मंत्री जाब कोणास देणार? आपल्या शेतकऱ्यास, की पैसे धाडणाऱ्या धन्यास? नुसत्या कागदावरच्या शिपायांचे पगार अधिकाऱ्यांनी गिळले. कित्येक शाळा दप्तरातच भरल्या.

२०१४ च्या निवडणुकीचा तंटा तोडावयास अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री जॉन केरी काबुलास धावले. २०१९ साली नोंदलेले मतदार सुमारे ९६ लाख, मोजलेली मते सुमारे १८ लाख. आणि ९ मार्च २०२० रोजी अश्रफ घनी व अब्दुल्ला अब्दुल्ला या दोघांनीही अध्यक्षपदाची शपथ घेतली! त्याच्या थोडे आधी, फेब्रुवारीत, अमेरिकेने दोहा येथे तालिबानशीच करार केला. त्या बोलण्यात काबूल सरकारास पाटही मांडला नाही. १५ ऑगस्ट २०२१ रोजी तालिबान काबुलात शिरले, अध्यक्ष देश सोडून गेले, आणि वीस वर्षांचा डोलारा कोसळला.

कोणी म्हणेल, जपानात १९४५ नंतर हे साधले ना? साधले खरे, पण जपानात लोकसभा १८९० पासून होती आणि कर गोळा करणारी दप्तरेही त्यांची स्वतःची होती. तेथे रोप आधीच लागलेले होते.

त्या वीस वर्षांत अफगाण मुली शिकल्या, हे नाकारणे अन्याय होईल. म्हणूनच जीव अधिक तळमळतो. २०२१ मध्ये सहावीपुढच्या शाळा त्यांना बंद झाल्या, २०२२ च्या डिसेंबरात विद्यापीठेही. शाळा बांधून दिल्या. पण त्या राखील असे राज्य गावकऱ्यांच्या हाती कधी आलेच नाही.

कर भरणाऱ्याने हिशेब मागावा व कारभाऱ्याने तो मुकाट्याने द्यावा, याचे नाव लोकराज्य. ही वहिवाट विमानातून टाकता येत नाही. कोणी परका 'लोकांना मोकळे करावयास जातो' म्हणू लागला, की त्याला एवढेच विचारा : बाबा, तेथली तिजोरी कोण भरणार, आणि हिशेब कोणास देणार?